अडकलेला खटका

“अडकतंय,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी एअरब्रश टेबलावर ठेवून दिला.

हवा सुटतच राहिली. बोटानं खटका दाबला की हवा यावी आणि रंग फवारावा, बोट उचललं की खटक्यानं टुणकन वर येऊन ती बंद करावी, एवढंच त्याचं काम. पण खटका दाबलेल्या जागीच बसून राहिला होता आणि टोकातून सूं सूं आवाज चालू होता. मी उठून कॉम्प्रेसर बंद केला. जुन्या फ्रीजमधून काढलेला तो कॉम्प्रेसर गचके खात गप्प झाला आणि दुकानात एकदम सामसूम झाली. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. आतून आईचा आवाज आला.

“झालं का गं, इंदू?”

“न्हाई अजून, आई.”

मधूला जाऊन आठवडा उलटला होता. मधू माझा धाकटा भाऊ. भाजीचा टेम्पो चालवायचा. गगनबावड्याच्या घाटात टेम्पो खाली गेला. त्याला घरी आणलं ते पांढऱ्या कापडात गच्च बांधूनच. आई कापडाला हात घालायला गेली तेव्हा चौघा माणसांनी तिला धरलं. “वैनी, नगं बघूस,” म्हणाले. तिनं पाहिलं नाही. त्यानंतर ती रडली फार नाही, एकच वाक्य अधूनमधून बोलायची, “तोंड दावलं न्हाई मला माझ्या पोराचं.” आता परवा उत्तरकार्य होतं, त्या दिवशी पाटावर फोटो मांडायचा होता, आणि आईचा सगळा जीव त्या फोटोत जाऊन बसला होता.

फोटो आप्पांनाच करायचा होता. दुसरं कोण करणार? अख्ख्या पेठेतल्या गेलेल्या माणसांचे फोटो आमच्या ‘ज्योती फिनिशिंग’मध्ये तयार झालेले. कॉम्प्युटर यायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता. लोक कुठलाही जुना फोटो घेऊन यायचे, लग्नातला, जत्रेतला, कुणाच्या बारशातला. त्यातलं हवं ते माणूस मोठं करायचं, मागची माणसं, मंडप, म्हैस, जे काय असेल ते राखाडी रंगाच्या फवाऱ्यानं पुसायचं आणि वर मागणीप्रमाणे टोपी नाहीतर कोट चढवायचा. जन्मभर उघड्या अंगानं गुऱ्हाळावर राबलेला म्हातारासुद्धा आमच्याकडून कोट घालूनच बाहेर पडायचा. मधू म्हणायचा, “आप्पा, वर गेल्यावर ह्यांना गरम न्हाई का हुणार?” आप्पासुद्धा हसायचे. तेव्हा त्यांचं हसणं-बोलणं चालू होतं.

बहुतेक फोटोंत कुणाचा तरी हात खांद्यावर असायचाच. तो काढायचा हा आमच्या धंद्यातला पक्का नियम. हार घालायच्या फोटोत जित्या माणसाचं बोटसुद्धा ठेवायचं नाही, ठेवलं तर त्या माणसाला ते बाधतं. एकदा कागलकडचा एक म्हातारा बायकोचा फोटो घेऊन आला. तिच्या बांगड्या नातीनं धरलेल्या होत्या. “पोरीची बोटं तेवढी ऱ्हाऊ द्या,” म्हणून तो हात जोडायला लागला. आप्पांनी ऐकलं नाही. “पोरगी जगायची हाय, म्हातारबा,” म्हणाले आणि बोटं पुसली. हात काढला की दुसरं एक काम असतं, खांदा उचलायचं. हाताच्या वजनानं खांदा किंचित खाली गेलेला असतो. हात पुसल्यावर तो रंगानं वर घेऊन दुसऱ्या खांद्याच्या बरोबरीला आणायचा, नाहीतर माणूस उगाच कललेला दिसतो.

मधूच्या फोटोतही हात होता. आमच्याकडे त्याचा शाळेतला फोटो सोडला तर एकही फोटो नव्हता. दुसऱ्यांची माणसं मोठी करता करता घरचं माणूस टिपायचं राहूनच गेलं. आदल्या वर्षी आत्याच्या मुलाच्या लग्नात त्याचा एक फोटो निघाला होता. आई तापानं पडली होती म्हणून मी आणि ती त्या लग्नाला गेलो नव्हतो. आप्पांनी त्या फोटोग्राफरकडून निगेटिव्ह आणली, स्वतः अंधाऱ्या खोलीत बसून फक्त मधूपुरता भाग मोठा केला आणि निगेटिव्ह खिशात ठेवून दिली. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या फोटोत मधू होता आणि डाव्या खांद्यावर बाहेरून आलेला कुणाचा तरी हात, मनगटापर्यंतच. असेल कुणीतरी मित्र, असं मी धरून चालले होते. चेहऱ्यावर कागदाचा मास्क लावून आप्पांनी मागचं सगळं सफाईनं पुसलं होतं. तेवढा हात राहिला होता.

“उघडतो,” आप्पा म्हणाले. “व्हॉलमधी रंग उतरलाय.”

त्यांनी पांढरं कापड अंथरलं. आधी सुई मागं ओढून काढली, मग खटका, मग खालचा व्हॉल्व्ह फिरवून सोडवला. पितळेचं करंगळीच्या पेराएवढं नळकांडं, त्यात स्प्रिंग, स्प्रिंगवर पिन आणि पिनेच्या गळ्यात काळी रबरी रिंग. निघतील त्या क्रमानं एकेक भाग कापडावर मांडायचा, म्हणजे परत बसवताना चुकत नाही. आम्हा दोघा भावंडांना आप्पांनी रंग मारायच्या आधी हेच शिकवलं होतं. पितळ आणि स्प्रिंग थिनरमध्ये धुवायची. रिंग मात्र थिनरला दाखवायचीसुद्धा नाही, रबर फुगतं. ती साबणाच्या पाण्यानं पुसायची आणि ग्लिसरीनचं बोट लावायचं. मी लहानपणी एकदा विसरले तर पाठीत धपाटा मिळाला होता.

आप्पांनी सगळं धुतलं, पुसलं, बसवलं. वर्तमानपत्रावर फवारा मारून पाहिला. खटका छान वर येत होता. मग ते फोटोकडे वळले, ब्रश त्या हाताजवळ नेला आणि थांबले.

“परत अडकतंय,” म्हणाले.

असं संध्याकाळपर्यंत चाललं. वर्तमानपत्रावर चालायचा तो ब्रश फोटोजवळ गेला की अडकायचा. मी म्हटलं, “द्या, मी बघते.” तर म्हणाले, “तू गप बस.” दिवे लागायच्या वेळेला ते चप्पल घालून कुठंतरी गेले. ते गेल्यावर मी ब्रश उचलला आणि खटका दाबला. सोडला. टुण्. परत दाबला, परत सोडला. त्यात काही म्हणता काही बिघाड नव्हता.

मला वाटलं, दुःखानं त्यांचा हातच चालेनासा झालाय. मला त्यांचा रागही आला, खरं सांगते. मधूशी त्यांनी अबोला धरला होता. मधूच्या हातात कला होती, आप्पांपेक्षा काकणभर सरसच, पण त्याला चार भिंतींत बसून मेलेल्यांना कोट घालायचा कंटाळा आला. टेम्पो घेतो म्हणाला. आप्पा म्हणाले, “हात असून वाया घालवतोस, मग माझ्याशी बोलू नगंस.” त्यानं टेम्पो घेतला आणि त्यांनी खरंच बोलणं टाकलं. एका घरात, एका पंगतीला बसून. “त्याला भाजी वाढ,” हे सुद्धा मला सांगायचे. आणि आता त्याच्या फोटोवर दिवस काढत बसले होते. तिकडं आई दाराआड उभी राहून आवाजाचा कानोसा घ्यायची आणि परत आत जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाना आले, आप्पांचे धाकटे भाऊ. कार्याचं सामान लावून दिलं, आचाऱ्याला सांगून आले आणि मग दुकानात डोकावले.

“दादा, उद्या कार्य. झाला न्हाई व्हय फोटू?”

“व्हॉल अडकतोय.”

“मग शाहूपुरीत दिऊ या की त्या दुसऱ्या फिनिशिंगवाल्याकडं. सांजंपातूर करून दील. मी जातो घिऊन.”

आप्पा ताडकन उठले. “माझ्या पोराला दुसऱ्याचा ब्रश लागायचा न्हाई.”

“मग तुझा तरी लाव की!” नाना बोलून गेले आणि लगेच खाली मान घालून बाहेर पडले.

आप्पा परत खाली बसले. त्यांनी पुन्हा कापड अंथरलं. सुई, खटका, व्हॉल्व्ह. मी शेजारीच बसले होते. थिनरच्या वाटीत त्यांनी नळकांडं टाकलं, स्प्रिंग टाकली, पिन टाकली. पिनेच्या गळ्यात रिंग तशीच होती.

“आप्पा, रिंग!”

मी वाटीकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नव्हे, पण सोडलंही नाही.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले.

आम्ही दोघं त्या वाटीकडे बघत बसलो. ज्या माणसानं जन्मात ही चूक केली नाही तो डोळ्यांदेखत ती करत होता, आणि त्याला माहीत होतं. जरा वेळानं त्यांनी पिन बाहेर काढली. रिंग फुगून गलेलठ्ठ झाली होती. पिन नळकांड्यात जाईना. नवी रिंग पुण्याहून मागवावी लागायची.

“बिघडला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

तेवढ्यात आई दारात आली. पोर गेलेल्या आईनं दिवस होईपर्यंत दुकानात यायचं नाही म्हणून ती उंबऱ्यावरच थांबली.

“अवं,” ती म्हणाली, “मला कोट नगं, टोपी नगं. मागचं पुसलं न्हाई तरी चालंल. मला नुस्तं तोंड बघायचंय त्याचं.”

“अर्धा फोटू मी देत न्हाई कुणाला.”

“मी ‘कुणी’ हाय व्हय?”

आप्पांनी पिन कापडावर ठेवली. आई म्हणाली, “बरं. पुरा करून द्या. अर्धा मलाबी नगं. अर्ध्याला मी हार घालणार न्हाई. त्यात कुणाचं काय ऱ्हायलं आन् त्या माणसाला काय झालं तर तो घोर मला नगं.” आणि ती आत गेली.

आप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. त्यांचा उजवा हात माझ्या समोर होता. चार बोटं टेबलाला टेकलेली आणि तर्जनी किंचित वर, अधांतरी. ती तशीच असायची. जन्मभर खटक्यावर राहिल्यानं ती कधी पूर्ण खाली यायचीच नाही. जेवताना, झोपताना, देवाला हात जोडतानासुद्धा ते एक बोट वेगळं उभं असायचं. मी फोटोकडे पाहिलं. मधूच्या खांद्यावरच्या हाताची तीन बोटं शर्टावर दाबून बसलेली होती, अंगठा मागं होता आणि तर्जनी वर उचललेली होती.

“आप्पा,” मी म्हणाले, “ह्यो हात तुमचा हाय?”

त्यांनी मान डोलावली. 

“फोटूवाला म्हणाला, काका, बाप-लेक असं लांब लांब का हुबारलाय, हात ठेवा की खांद्यावर. समदा मांडव बघत हुता. न्हाई कसं म्हणू? ठेवला.”

“मग?”

“मग काय. फोटू निघाला. मी हात काढला.” ते थांबले. “त्यानं खांदा खाली घातला हुता गं. मला हात चढवाया लागू नये म्हणून. मी हात काढला तरी जरा वेळ तसाच वाकून हुबा हुता. मला वाटलं, आता बोलावं. तेवढ्यात कुणीतरी जेवाया हाक मारली.”

मला रडू आवरेना. ते मात्र रडले नाहीत.

“बोलणं टाकल्यापास्नं तेवढाच हात लागला त्याला माझा,” म्हणाले. “त्योच पुसायचा म्हणतीस?”

“मग ठिवू या तसाच.”

“तिनं काय सांगितलं ऐकलंस न्हवं? माझं काय का हुईना, मला त्याचं काय न्हाई. पर उद्या फोटूकडं बघून बघून ती माझ्यापायी मरल. आन् समद्या गावाचे हात पुसले मी. त्या पोरीची बोटं पुसली. आता माझाच तेवढा ठिवू?”

मी उठले आणि आत जाऊन पलंगाखालची ट्रंक ओढली. तिच्यात मधूचा ब्रश होता. तो मोठा झाला, हाताशी आला, तेव्हा आप्पांनी मुंबईहून मागवून दिलेला, निळ्या मखमलीच्या डबीत. टेम्पो घेतला त्या दिवशी मधूनं तो डबीत टाकला तो टाकलाच, धुतलासुद्धा नाही. मी दुकानात आणून कापडावर ठेवला. खटका दाबला तर दगड. आतला रंग वाळून सगळं एकजीव झालं होतं.

“ह्यो खोलू नगंस,” आप्पा म्हणाले.

“ह्यातली रिंग पायजे मला. तुम्ही नुसतं बसा.”

सुई कशीबशी निघाली. व्हॉल्व्ह हलेना. मी पक्कड लावली तसे आप्पा ओरडले, “कापड गुंडाळ आधी! पितळ हाय ते, चावा घिती पक्कड. आन् जोर करू नगं. गरम पाण्यात धर.”

मी आईला हाक मारली. तिनं चुलीवरचं पाणी तांब्यात आणलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि काही न विचारता गेली. व्हॉल्व्ह पाण्यात धरून बसले. पाणी हळूहळू राखाडी झालं. मग एक बारीक कट्ट झालं आणि तो फिरला. आत रंगाच्या खपल्या होत्या. मी त्या काडीनं कापडावर काढल्या. आप्पांनी एक खपली बोटावर घेतली आणि उजेडात धरली.

“शिरोळच्या मास्तरांचा फोटू,” म्हणाले. “मधूनं केलेला शेवटचा. निळसर मारला हुता मागचा रंग. मला असा कधी जमला न्हाई.”

“त्याला सांगितलं हुतं तुम्ही?”

“न्हाई.”

रिंग खपल्यांखाली चांगली होती, मऊ. मी ती साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा पुसली. पितळ थिनरमध्ये धुतलं. आप्पा शेजारून सांगत राहिले, “स्प्रिंग ताणू नगं.” “ग्लिसरीन थेंबभर न्हवं, नुसतं लागल्यावानी.” किती दिवसांनी त्यांचा आवाज मला आप्पांचा वाटला. आप्पांच्या ब्रशात मी मधूची रिंग बसवली, व्हॉल्व्ह फिरवला, खटका, सुई. कॉम्प्रेसर लावला. दाबलं, सोडलं. टुण्.

मी ब्रश त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

“तू मार,” म्हणाले. आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

मी मनगटापासून सुरुवात केली. फवारा बारीक ठेवला होता. आधी मनगट गेलं, मग हाताची पाठ, मग बोटं एकामागून एक. शर्टावर दाबलेल्या बोटांच्या चुण्या होत्या, त्यांच्यावर शर्टाचा रंग भरला. तर्जनी तेवढी शेवटी ठेवली. ती खांद्याला टेकलेली नव्हतीच, हवेतच होती, तिला पुसायला काहीच लागलं नाही. इतके हात पुसले होते मी तोवर, पण असं कधी वाटलं नव्हतं. मग राखाडी रंगात थोडा पांढरा मिसळला आणि खांद्याची नवी रेघ ठरवायला फूटपट्टी उचलली.

पट्टी टेबलावर वाजली असेल. भिंतीकडे तोंड करूनच आप्पा म्हणाले,

“इंदू, खांदा उचलू नगंस.”

“वाकडा दिसंल, आप्पा.”

“दिसू दे.”

मी पट्टी खाली ठेवली आणि मास्क सोलून काढला.

संध्याकाळी फ्रेम करून आप्पांनी स्वतः फोटो आत नेला आणि आईच्या मांडीवर ठेवला. तिनं मधूच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरून, भुवयांवरून, हनुवटीवरून. काच होती मध्ये, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती त्याच्याशी बोलली, काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मग खूप वेळानं तिची नजर खाली उतरली.

“ह्यो खांदा खाली का हाय?”

 आप्पा म्हणाले, “हुता त्याचा तसा.”

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या पोराला तिनं न्हाऊमाखू घातलं होतं, अंगरखे शिवले होते. तिची नजर आप्पांच्या चेहऱ्यावर होती, मग त्यांच्या हातावर गेली आणि तिथं जरा थांबली.

“व्हय,” ती म्हणाली. “हुता.”

दुसऱ्या दिवशी पाटावर फोटो मांडला. रघुनानांनी निशिगंधाचा जाड हार आणला होता. तो फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी खाली आला आणि मधूचे दोन्ही खांदे झाकले गेले. भटजींनी सगळ्यांच्या हातात तांदूळ दिले, तेवढ्यात आई पुढं सरकली आणि हार मधूच्या डाव्या खांद्यावरून उचलून बाजूला सारला.

“हितं फुलं नगंत,” ती म्हणाली. “ह्यांचा हात हाय हितं.”